टोपडं घातलेली भाकरी

१

वत्सला सिस्टरच्या आईचा आवाज घोगरा होता. सायखेड्याला नदीकाठच्या घरात ती शेजारणीपाजारणींची पोरं न्हाऊ घालायची, आणि गरम पाण्याच्या वाफेतून तिचं गाणं अंगणापर्यंत यायचं:

तान्हं माझं गं बाई, कापसाची वात,
वाऱ्याच्या वाटेवरी आड धरा हात.

आई जाऊन कैक वर्षं झाली, पण तो घोगरा आवाज सिस्टरच्या कानात कायमचा मुक्कामाला राहिला. नाशिकच्या त्या धर्मादाय रुग्णालयात, नवजात बाळांच्या कक्षात, यंत्रं दिवसभर शिट्ट्या मारत. त्या गलबल्यात एखादं मूठभर बाळ एकाएकी गप्प झालं, की सगळ्यांच्या आधी तो आवाज म्हणायचा, आड धर हात.

मंगळवारी दुपारी तो काहीच बोलला नाही. यंत्रही बोललं नाही. बोलला तो डॉ. किशोर, आणि तोही अगदी हळू.

"सिस्टर, तीन नंबरला जरा येता का?"

दुपारच्या पाळीला ड्यूटी बदलत होती. अशा वेळी सगळ्या सिस्टर पलीकडच्या खोलीत, जास्त आजारी बाळांपाशी उभ्या राहून एकेकाची हकिकत नव्या पाळीला सांगत. अलीकडच्या खोलीत वाढीला लागलेली बाळं असत, वॉर्मरवर. वॉर्मर म्हणजे वरून ऊब देणारा उघडा पाळणाच. बाळाच्या पोटाला एक तार चिकटवलेली, बाळ गार पडलं की यंत्र ऊब वाढवणार, तार सुटली की बोंब मारणार.

सिस्टरने तीन नंबरचं दुपटं उचललं. वर टोपडं होतं, खाली लंगोट होता, आणि मधे एक नागलीची भाकरी होती. गोल, काळीसावळी, कडेला किंचित करपलेली. तिच्या ऐन मध्यावर तार नीट चिकटवलेली होती. पडद्यावर हिरवा आकडा होता, साडेछत्तीस.

"तापमान अगदी छान आहे," डॉ. किशोर म्हणाला. तो घाबरला की तोंडून फक्त खरं बाहेर पडायचं. "मी मघाशी दारातूनच आकडा पाहिला आणि केसपेपरवर लिहिलंसुद्धा. बाळाची प्रकृती स्थिर."

"भाकरीची प्रकृती स्थिर आहे, डॉक्टर. बाळ कुठंय?"

उत्तराला न थांबता सिस्टर फाटकाकडे धावली. डॉ. किशोर भाकरी घेऊन मागे धावला, पुरावा म्हणून. फाटकावर गोटीराम वॉचमन पांढऱ्या मिशीला पीळ देत बसला होता.

"बाहेर? जेवणापासून तान्हं घेऊन एक माशी बाहेर गेली नाय, बाई," तो म्हणाला. "आत मात्र बऱ्याच गेल्या. ती भाकर कुणाची?"

दोघं तसेच परत धावले. तीन नंबरच्या वॉर्मरवर बाळ होतं. पोटाला तार, डोक्याला टोपडं. गुलाबी ओठांनी झोपेतच काहीतरी चोखत होतं. सिस्टरने श्वास पाहिला, रंग पाहिला, तळपाय चाचपले. तळपाय छान कोमट होते. मग तिने इवलीशी डावी मूठ हलकेच उलगडली.

मुठीत एक केस होता. आखूड, कुरळा, पांढराशुभ्र.

२

वत्सला सिस्टर कक्षाची प्रमुख होती, आणि काही लपवणाऱ्यांतली नव्हती. तिने लगेच अधीक्षकांना फोन लावला. अधीक्षक डॉ. शुभांगी गायधनींनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्या सकाळच्या राउंडला मला नाव हवं," मग त्या म्हणाल्या. "नाव नसेल तर दार बंद. नातेवाईक पुन्हा काचेबाहेर. मला दुसरा इलाज नाही, वत्सलाबाई."

त्या दारासाठी सिस्टरने किती जणांशी वाईटपणा घेतला होता. पूर्वी आया काचेला नाक लावून बाळ बघायच्या, सराफाच्या दुकानातला दागिना बघावा तसं. आत दोन-तीन सिस्टर आणि खोलीभर बाळं. कुणाला दूध पाजायला उशीर, कुणाची ओली दुपटी तशीच. गेल्या वर्षी सिस्टरने भांडून दार उघडवलं. बाळामागे घरचं एक माणूस आत येऊ लागलं, कोपरापर्यंत हात धुवायला शिकलं, वाटी-चमच्याने दूध पाजायला शिकलं. बाळं भराभर बाळसं धरून घरी जाऊ लागली.

एकच गोष्ट काही केल्या रुजेना. कांगारू. बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून तासन्‌तास धरायचं. त्या उबेपुढे यंत्राची ऊब काहीच नाही, बाळाचं वजनही तिनेच भराभर वाढतं. पण खोलीत पुरुषांची ये-जा, त्यात पदर कोण बाजूला करणार? त्यासाठी आणलेल्या रेलायच्या खुर्च्या शेवटी कपड्यांच्या खोलीत गेल्या आणि त्यांच्यावर चादरींचे ढीग रचले गेले.

तीन नंबरचं बाळ म्हणजे दिशाची मुलगी. दिशाला आठव्या महिन्यातच झटके आले, पोर घाईघाईने बाहेर काढावी लागली. दिशा अजून वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात. नवरा स्वराज सातपूरच्या कंपनीत पहिल्या पाळीला, येणार तो संध्याकाळी. दुपारी पोरीजवळ तिचे आजोबा बसायचे, दिशाचे वडील.

"एक सांगू?" डॉ. किशोर केसपेपर चाळत म्हणाला. "आठवडाभर या पोरीचं वजन फार छान वाढतंय. मला वाटलं, माझ्या औषधाचा डोस लागू पडला."

"आणि मला वाटलं, मी दूध बदललं म्हणून," सिस्टर म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे पोर रोजच गायब होत होती. फक्त भाकरी आज सापडली.

३

डॉ. किशोरच्या अंगात तपास संचारला होता. संशयितांचे केस तपासायचे, एवढं त्याचं ठरलं होतं.

पहिला आला दिनेश, कक्षातला मदतनीस. डोकं तुळतुळीत भादरलेलं. डॉ. किशोर नाराज झाला.

"कपड्यांच्या खोलीची किल्ली तुझ्याकडे असते ना?" सिस्टरने विचारलं.

"किल्ली माझ्याकडंच असते सिस्टर, पण कुलूपच लागत नाही. मी तक्रार केली होती."

"कुणाकडे?"

"मनातल्या मनात."

"आणि दुपारी तू कुठे असतोस?"

दिनेशने छताकडे पाहिलं. "चहाला. पण जाताना साबण भरून जातो, हां. हात धुवायच्या बेसिनवरचा साबण हल्ली टिकतच नाही. कोण एवढे हात धुतं देव जाणे."

दुसरा गोटीराम. डॉ. किशोरने नमुन्यासाठी मिशीतला एक केस मागितला.

"साहेब, पगार मागा, घड्याळ मागा. मिशी मागू नका," गोटीराम दोन पावलं मागे सरकला. पण लांबूनही दिसत होतं, मिशी खराट्यासारखी सरळ, आणि टोकं तंबाखूने पिवळी. तो केस यातला नव्हता.

तिसऱ्या अंबूबाई भोये. पेठकडच्या डोंगरातून आलेल्या. चार नंबरला त्यांचा नातू, तीन नंबरच्या अगदी शेजारी. डोक्यावर पांढरा अंबाडा, पण त्यातला केस सोडला तर कंबरेपर्यंत पोचेल असा. रुग्णालयाच्या मागच्या पडवीत त्या रोज नागलीच्या भाकरी थापायच्या.

डॉ. किशोरने भाकरी पुढे केली. अंबूबाईंनी ती उलटून पाहिली.

"माझीच हाय. ही कड करपली तवा सून वरून बोलवीत होती."

"ती बाळाच्या जागी कशी आली?"

"मला काय ठावं. मागितली, दिली."

"कोणी मागितली?"

"भाकर दिली का ती खानाऱ्याची झाली, डाक्टर. मंग नाव कशाला सांगायचं?"

"आजी, नाव कळलं नाही तर उद्या दार बंद होईल," सिस्टर म्हणाली. "तुम्हालाही नातवापाशी बसता येणार नाही."

अंबूबाईंचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी चार नंबरकडे पाहिलं, मग जमिनीकडे. पण ओठ घट्ट मिटलेलेच राहिले.

शेवटी आले भिमाजी काकड, तीन नंबरच्या पोरीचे आजोबा. मखमलाबादचे झेंडूवाले. आवाज असा, की ते स्वतःशी पुटपुटले तरी लिलाव पुकारल्यासारखं वाटावं. केस आणि मिशा काळ्याभोर, कलपाच्या चमकेसकट. एप्रिलच्या उन्हात सदऱ्याची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली.

डॉ. किशोरने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि त्यांना मनातून खोडून टाकलं.

"दुपारी कुठे होता, काका?" सिस्टरने विचारलं.

"अंगणात, लिंबाखाली. आमची भाऊबंद मंडळी भेटाया येतात, त्यांच्यापाशी."

"बाळाला घेतलंत कधी?"

"मी?" भिमाजी हसले, आणि बाहेर एक रिक्षावाला दचकला. "बाई, मी लांबून बघतो. पोरंबाळं घेनं हे बायांचं काम. त्यात तुमचं ते कांगारू. आमच्याकडं बैल हायेत, कांगारू नाय."

"रोज शिकवताना चेष्टा करता तुम्ही."

"मंग काय करू? सदरा काढायचा म्हनं. किती वेळ बसायचं म्हनं, तर तासभर तरी. पोरीची मान कुठल्या अंगाला वळवायची, पाय बेडकासारखे कसे ठेवायचे. हसू येत नाय का मानसाला?"

सिस्टरची नजर त्यांच्या हातांवर होती. झेंडूवाल्याच्या नखांत पिवळा रंग असतोच, तो कधी जात नाही. भिमाजींची नखं चिनी मातीच्या बशीसारखी निघाली होती. आणि उजव्या करंगळीवर अंगठी नव्हती, नुसता तिचा गोरा पट्टा होता.

पण तो केस पांढरा होता. आणि भिमाजींच्या अंगावर पांढरं म्हणावं असं फक्त धोतर होतं.

४

संध्याकाळी सिस्टर पंचवटीत घरी निघाली ती सुतकी चेहऱ्याने. गोदाकाठी भाजी घ्यायला म्हणून गाडी लावली, आणि भाजीवाली दोडके मोजत असताना ती पायऱ्यांकडे बघत राहिली.

उन्हाने भाजलेली माणसं कुंडात डुबक्या मारत होती. पोरं उड्या टाकत होती, कुणी सूर्याला पाणी देत होतं. एक अनोळखी गृहस्थ पाण्यातून वर आले, पंच्याने डोकं पुसू लागले. केस काळेभोर, नुकताच कलप केलेले. पंचा खाली आला, छाती पुसायला.

सिस्टरचा हात दोडक्यांवरच थांबला.

छाती पांढरीशुभ्र होती. कापसाचं बोंड फुटावं तशी, कुरळ्या केसांनी भरलेली.

मिशीला कलप लावणारा माणूस छातीला लावत नाही. तिथं कोण बघणार असतं? सदऱ्याची सगळी बटणं लावली की झालं.

"ताई, दोडके घेताय ना?" भाजीवालीने विचारलं.

"द्या. आणि कोथिंबीरही द्या," सिस्टर म्हणाली, आणि एकटीच हसू लागली.

पण घरी पोचेपर्यंत हसू मावळलं. नाव सांगितलं तर दार वाचेल. मात्र तो माणूस पुन्हा कधी त्या दारातून आत यायचा नाही. चारचौघांत लाजवलेला म्हातारा घरी जाऊन बसतो, आणि मग त्या पोरीला दुपारची ऊब द्यायला भाकरीच उरली असती.

५

सकाळी डॉ. गायधनी राउंडला आल्या तेव्हा कक्षात सगळे हजर होते. अंबूबाई नातवाला खेटून उभ्या. दिनेश साबण घेऊन. भिमाजी दाराशी, बटणं लावून. डॉ. किशोरने वाळलेली भाकरी एका ताटलीत आणली होती.

"नाव?" डॉ. गायधनींनी विचारलं.

"आधी कसं घडलं ते सांगते," सिस्टर म्हणाली. "मग नाव आपोआप येईल. पोर कक्षाबाहेर गेलीच नाही. गोटीरामसमोरून बाळ घेऊन कुणी गेलं नाही. आम्ही फाटकापर्यंत जाऊन येईस्तोवर ती परत आली, म्हणजे भिंतीपलीकडेच होती. भिंतीपलीकडे कपड्यांची खोली आहे. तिचं कुलूप लागत नाही, आणि आत कांगारूच्या खुर्च्या आहेत. मी पहाटे जाऊन पाहिलं. एका खुर्चीवरच्या चादरी नीट घडी करून बाजूला ठेवलेल्या आहेत."

"म्हणजे कोणीतरी..."

"कोणीतरी रोज ड्यूटी बदलायच्या वेळी पोरीला घेऊन तिथं बसत होतं. उघड्या छातीशी. तार सुटली की यंत्र ओरडतं, म्हणून तिच्या जागी भाकरी. यंत्र आपलं इमानेइतबारे भाकरीला ऊब देत बसलं."

"भाकरी कोणाची?"

"माझी," अंबूबाई म्हणाल्या.

डॉ. गायधनी त्यांच्याकडे वळल्या. "तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही गप्प बसलात. आजी, मी तुम्हाला आत येऊ देऊ शकत नाही. नातवाजवळ दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

"दुसरं कोन हाय, बाई. सून वर खाटंवर, पोरगा नगरकडं गेलाय कामाला," अंबूबाईंचा आवाज अगदी बारीक झाला. पण नाव त्यांनी तरीही घेतलं नाही. पिशवी उचलली आणि दाराकडे निघाल्या.

सिस्टरने तोंड उघडलं होतं. एवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं.

"म्हातारीला कशाला घालवता," भिमाजी म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खोलीत मावेल एवढा होता. "भाकर मी मागितली. भूक लागली म्हनून सांगितलं तिला. पोर मी नेत होतो."

"पण केस पांढरा होता," डॉ. किशोर म्हणाला.

"काका, वरची दोन बटणं काढा," सिस्टर म्हणाली.

भिमाजींनी इकडेतिकडे पाहिलं. मग बोटं गळ्याशी गेली. सदऱ्याच्या फटीतून पांढरे कुरळे केस बाहेर डोकावले, आणि डॉ. किशोरच्या चेहऱ्यावर उजाडलं.

"हात धुऊन धुऊन नखांतला झेंडू गेला," सिस्टर म्हणाली. "पोरीला रुतू नये म्हणून अंगठी काढलीत. आणि चेष्टा करणारा माणूस मान कुठल्या अंगाला वळवायची ते विचारत नाही, काका. तेव्हाच मला कळायला हवं होतं."

"आणि तिचा श्वास अडला असता तर?" डॉ. गायधनींनी विचारलं. त्यांचा आवाज कडक होता आणि तो तसाच असायला हवा होता. "बंद खोलीत, एकटे तुम्ही. कुणाला कळलं असतं?"

भिमाजींनी मान खाली घातली. "नजर काढली नाय मी तिच्यावरून. पन तुमचं बरोबर हाय. तुम्ही मला घालवा. दार बंद नका करू, एवढंच."

"सरळ खुर्ची मागितली असतीत तर मीच दिली असती," सिस्टर म्हणाली. "लपायचं काय कारण होतं?"

लिंबाखालच्या भाऊबंदांकडे बघावं तसं भिमाजींनी खिडकीबाहेर पाहिलं.

डॉ. गायधनींनी केसपेपर मागवला. वजनाचे आकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. मग कागद मिटला.

"ड्यूटी बदलताना एक सिस्टर याच खोलीत थांबेल. ती चूक आमची होती," त्या म्हणाल्या. "खुर्च्या बाहेर काढा. मधे पडदे लावा, जाड, म्हणजे बायकाही बसतील. दिनेश, कुलूप आज दुरुस्त व्हायला हवं, आणि तक्रार या वेळी तोंडाने कर. आजी, तुम्ही कुठे निघालात? बसा नातवापाशी."

"आन मी?" भिमाजींनी विचारलं.

"तुम्ही हात धुवा."

पडदे यायला वेळ होता, तेव्हा दिनेशने दोन चादरी बांधून आडोसा केला. भिमाजी सदरा काढून खुर्चीत रेलले. सिस्टरने पोर त्यांच्या छातीवर ठेवली, मान एका अंगाला, पाय बेडकासारखे, आणि वरून दुपट्याने दोघांना बांधून टाकलं. पोरीने एकदा नाक फेंदारलं, त्या पांढऱ्या रानात तोंड खुपसलं आणि झोपी गेली. तेवढा मोठा माणूस श्वाससुद्धा विचारून घ्यावा तसा घेऊ लागला.

दुपारकडे वरून निरोप आला, दिशाला चाकाच्या खुर्चीतून खाली आणतायत. तिने अजून लेकीला पाहिलं नव्हतं, फोनमधले फोटो तेवढे पाहिले होते. भिमाजी उठायला गेले.

"हलू नका," सिस्टर म्हणाली. "झोपलीय ती."

"अहो, दिशा यील. माझ्या अंगात सदरा नाय."

"मग काय झालं?"

चाकं वाजली. चादर बाजूला झाली. दिशा पांढरीफटक, सुजलेले हात मांडीवर. तिने बापाकडे पाहिलं, बापाच्या छातीवरच्या टोपड्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बापाकडे. या माणसाने कुणाचंही तान्हं हातात घेतलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"अण्णा," ती म्हणाली.

भिमाजींना हलता येत नव्हतं आणि पळता येत नव्हतं.

"आपल्या घरी तशी रीत नव्हती, दिशे," ते म्हणाले, इतकं हळू की सिस्टरलाही कान द्यावा लागला. "ओट्यावर आमचे वडील बसायचे. त्यांच्या म्होरं बापानं पोरीला उचललं, तर निलाजरा म्हनायचे. तू रडायचीस आतल्या खोलीत, आन मी वाड्यातल्या बैलाला खाजवीत उभा राहायचो, ऐकत. ते गेले तवा तू शाळंत जात होतीस. मंग कोन कुणाला उचलतं."

दिशाने हात पुढे करून लेकीच्या टोपड्यावर ठेवला. तिथं बापाचा हात आधीच होता.

"तुझ्या वेळंला मला असंच घ्यायचं होतं तुला," भिमाजी म्हणाले.